‘अल्पशा आजाराने’ म्हणजे नेमके कशाने?

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर पुण्यानुमोदनाच्या आणि जलदान विधीच्या सूचना येतात, त्या आम्ही न चुकता वाचतो. कालकथित अमुक, राहणार अमुक नगर, अल्पशा आजाराने निधन. पुढे पत्नी, मुले, सुना, नातवंडे यांची नावे आणि विहाराचा पत्ता. क्वचित कोणी ‘दीर्घ आजाराने’ असे लिहितो. त्यावरून जाणत्याने कॅन्सर ओळखावा, नाहीतर क्षय. ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे मात्र सगळे उघडपणे लिहितात, कारण हृदयविकारात कोणाला कमीपणा वाटत नाही. रोगांमध्येसुद्धा आपण उच्च-नीच ठरवून टाकले आहेत!

दुःखात असलेल्या कुटुंबाने जाहिरातीत रोगाचे नाव छापावे असा आमचा आग्रह नाही. पण आपला माणूस कशाने गेला हे निदान घरात तरी ठाऊक असावे. त्याच घरात, त्याच सवयींची, त्याच चुलीवरचे खाणारी आणखी माणसे मागे राहिलेली असतात. देशाची अवस्थाही काही वेगळी नाही. २०२० साली भारतात जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली, त्यांपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू होते २२.५ टक्के. बाकीचे सगळे सरकारदरबारी ‘अल्पशा आजाराने’च गेले म्हणायचे.

मग आपल्याकडे माणसे कशाने मरतात हे कळते कसे? त्यासाठी भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने २००१ पासून एक मोठी पाहणी हाती घेतली. ती ‘मिलियन डेथ स्टडी’ म्हणजे दहा लाख मृत्यूंचा अभ्यास या नावाने ओळखली जाते. तिची पद्धत साधी आहे. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी प्रशिक्षित पाहणी करणारा माणूस जातो. ताप होता का, किती दिवस होता, छातीत दुखत होते का, अंगावर सूज होती का, तंबाखू किंवा दारू होती का, असे विचारतो आणि घरच्यांनी सांगितलेली हकीगत त्यांच्याच भाषेत लिहून घेतो. ते कागद दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात आणि कारण ठरवतात. दोघांचे जुळले नाही तर पुन्हा तपासणी होते. सोबत मृताचे वय, तो पुरुष की स्त्री, आणि शिक्षण किती, याचीही नोंद असते. आमच्या आजच्या विषयाला ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे.

या पाहणीतील १ लाख २२ हजार ४२९ मृत्यूंवरून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेश दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरचा हिशेब मांडला आणि तो २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३० ते ६९ या वयातील, म्हणजे घर चालवणाऱ्या वयातील माणसांचे दर लाखामागे कॅन्सरने किती मृत्यू होतात, ते त्यात शिक्षणाप्रमाणे दिले आहे. निरक्षर पुरुषांत १०६.६. सर्वांत जास्त शिकलेल्या पुरुषांत ४५.७. निरक्षर स्त्रियांत १०६.७ आणि सर्वांत जास्त शिकलेल्या स्त्रियांत ४३.४.

हे चार आकडे वाचकांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावेत.

कोणी शंका काढील की म्हाताऱ्या माणसांत निरक्षर जास्त असतात आणि म्हातारी माणसे जास्त मरतात, तेव्हा ही तुलना फसवी आहे. शंका रास्त आहे, पण संशोधकांना ती आधीच सुचलेली असते. वयाचा फरक हिशेबातून वेगळा काढूनच हे दर बांधलेले आहेत. म्हणजे एकाच वयाची दोन माणसे शेजारी उभी केली, एक शाळेत न गेलेला आणि एक भरपूर शिकलेला, तर पहिल्याला कॅन्सरने मरण येण्याचा धोका दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. खेडे आणि शहर यांत मात्र फारसा फरक निघाला नाही. खेड्यातील पुरुष ९५.६, शहरातील १०२.४. आपण नेहमी म्हणतो की गावची हवा चांगली, शहरात रोग. कॅन्सरच्या मृत्यूपुरते तरी गाव-शहर हे अंतर लहान आणि शाळेचे अंतर मोठे निघाले.

आणखी एक गोष्ट. निरक्षर पुरुष आणि निरक्षर स्त्री यांचे दर जवळजवळ सारखे, आणि शिकलेल्या दोघांचेही जवळजवळ सारखे. पण आकडा सारखा असला तरी त्याच्या पोटात वेगवेगळे रोग आहेत. त्याच अभ्यासात २०१० सालासाठी काढलेल्या अंदाजात पुरुषांचा पहिल्या क्रमांकाचा मारक कॅन्सर तोंडाचा आणि घशाचा, ४५,८०० मृत्यू. स्त्रियांचा पहिल्या क्रमांकाचा गर्भाशयमुखाचा, ३३,४०० मृत्यू. पुरुषांच्या कॅन्सर मृत्यूंपैकी ४२ टक्के तंबाखूशी निगडित, स्त्रियांचे १८.३ टक्के. म्हणजे पुष्कळ पुरुष स्वतः तोंडात टाकलेल्या वस्तूने मरतात. स्त्री मरते ती पुष्कळदा अशा रोगाने, जो वेळेवर कोणी तपासले असते तर आधीच सापडला असता. उपाय दोघांना वेगळे लागणार हे उघड आहे.

आता कोणी म्हणेल, शिक्षण हे काय औषध आहे? पदवीचा कागद छातीशी धरला म्हणून गाठ विरघळत नाही. खरेच आहे. उलट स्तनाचा कॅन्सर शहरांत आणि शिकलेल्या बायकांत जास्त आढळतो, कारण उशिरा पहिले मूल आणि कमी मुले यांचा त्याच्याशी संबंध आहे. तेव्हा शिक्षण आले की सगळे रोग पळाले असे कोणी समजू नये. रोग होणे आणि रोगाने मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत शिक्षण कधी उपयोगी पडते, कधी नाही. दुसऱ्या गोष्टीत मात्र ते फार उपयोगी पडते. हृदयविकाराच्या बाबतीत हे फार स्वच्छ दिसते.

हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, शेठजींचा आणि साहेबांचा, अशी आपली जुनी समजूत आहे. तूपरोटी खाणाऱ्याला अटॅक येतो, भाकरी खाणाऱ्याला येत नाही, असे आमच्या लहानपणी ऐकवत. २०१९ साली ‘प्युअर’ नावाच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीस देशांतील दीड लाखाहून अधिक माणसे त्यात होती आणि भारतही होता. भारतासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांत कमी शिकलेल्या माणसांना हृदयविकार, पक्षाघात असे मोठे आजार होण्याचा धोका जास्त शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. आश्चर्य पुढेच आहे. वजन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब असे धोके एकत्र मोजले तर कमी शिकलेल्यांची एकंदर स्थिती बरी होती! म्हणजे जुनी समजूत अगदीच खोटी नव्हती. भाकरी खाणाऱ्याचे शरीर बरे होते. त्याला मिळणारे उपचार मात्र वाईट होते.

यावर आमच्या देशातलाच आणखी एक पुरावा आहे. २००१ ते २००५ या काळात देशातील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद ठेवली गेली. झटका आल्यापासून दवाखान्यात पोचायला मध्यम वेळ लागला ३६० मिनिटे. सहा तास! तीस दिवसांच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, गरीब रुग्णांत ८.२ टक्के. आणि मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबातून काढल्यावर हा मृत्यूतला फरक नाहीसा झाला. गरिबाचे हृदय काही वेगळ्या मातीचे नव्हते. त्याला मिळालेली औषधे वेगळी होती, एवढेच.

सहा तास कशात जातात हे आपल्या वस्तीत राहणाऱ्या कोणालाही विचारावे लागत नाही. गॅस झाला असेल म्हणून आधी ओवा, मग सोडा. मग शेजारच्या मेडिकलमधली गोळी. मग रात्र आहे, सकाळी पाहू. मग रिक्षा, मग जवळचा डॉक्टर, आणि तो म्हणतो मोठ्या दवाखान्यात न्या. बाईच्या बाबतीत त्यात आणखी एक-दोन पायऱ्या वाढतात. एक तर तिचे दुखणे बऱ्याचदा छातीवर हत्ती बसल्यासारखे नसते. धाप लागते, मळमळते, जबडा किंवा पाठ दुखते, दरदरून घाम येतो, कमालीचा थकवा येतो. ‘कामाने थकली असेल’ असे घरचे म्हणतात आणि तीही तेच म्हणते. दुसरे असे की तिला दवाखान्यात न्यायचे की नाही हे तिच्या हातात नसते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात २०१६ साली बाह्यरुग्ण विभागात आलेल्या तेवीस लाखांहून अधिक भेटींचा एक अभ्यास झाला. प्रसूती आणि स्त्रीरोग विभाग त्यातून वगळला होता. दर १०० स्त्रियांमागे १६९ पुरुष आले होते. दिल्लीतल्याच रुग्णांत हे प्रमाण १४१, पण बिहारहून येणाऱ्यांत २३७. रुग्णालय जितके लांब, खर्च जितका जास्त, तितकी बाई घरी राहिली.

तरीही, वाचकहो, बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. २०१६ ते २०२० या काळात भारतात जन्मवेळचे आयुर्मान पुरुषांचे ६८.६ वर्षे आणि स्त्रियांचे ७१.४ वर्षे होते. पण हे पूर्वीपासून असे नव्हते. १९७० ते १९७५ या काळात पुरुषांचे ५०.५ आणि स्त्रियांचे ४९ वर्षे होते. जगभर बाई निसर्गतःच काटक, आणि आपल्याकडे तीच आधी मरत होती. बाळंतपणे, उपाशीपोटी राबणे, मुलीच्या आजाराकडे दुर्लक्ष, यांनी निसर्गाची ती देणगी खाऊन टाकली होती. बाळंतपणाच्या बाबतीत महाराष्ट्राने बरीच मजल मारली आहे. २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. याची सुरुवात आठवायची तर २८ जुलै १९२८ हा दिवस आठवावा लागेल. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याही हिताचे आहे असे मांडले होते. १९२९ साली तो कायदा झाला.

आता तंबाखूकडे वळू, कारण शिक्षण आणि मृत्यू यांच्यामधला सर्वांत रुंद रस्ता तोच आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्या हातात घेऊन, घरोघर जाऊन, पस्तीस वर्षांवरील १ लाख ४८ हजार १७३ माणसांची नोंद केली आणि पुढे २००३ पर्यंत त्यातले कोण हयात आहे, कोण गेले, हे पाहिले. उच्च मध्यमवर्गीयांच्या बंदिस्त सोसायट्या त्यात घेता आल्या नाहीत, कारण पहारेकरी आत सोडत नव्हते. तेव्हा ही आपल्यासारख्यांच्या चाळींची आणि वस्त्यांचीच पाहणी म्हणायला हरकत नाही. श्रीमंत त्यात नव्हते, तरीही शिक्षण कमी तसा मृत्युदर जास्त, हा उतार पुरुषांत दिसला आणि स्त्रियांतही दिसला. त्याच पाहणीत बिडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका न ओढणाऱ्यांच्या १.६४ पट निघाला आणि सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट. बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली गावठी वस्तू, तिने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. देशपातळीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होते असे दिसले आणि बिडी ओढणाऱ्या बाईचे आठ वर्षांनी.

पण आपल्या बायका ओढत नाहीत, लावतात. मशेरी! तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळी हिरड्यांवर चोळायची. दात साफ होतात, पोट साफ होते, भूक मरते. यातले शेवटचे कारण खरे आहे आणि म्हणूनच ती सवय गरीब घरात टिकली. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत दर शंभर स्त्रियांमागे सतरा जणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि राज्यात ओढण्यापेक्षा चघळणे व लावणे कितीतरी जास्त. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आली. मशेरीला कोण बंदी घालणार? ती तर घरच्या चुलीवर भाजली जाते. त्या चुलीचा धूर हा आणखी एक हिशेब आहे. आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या बाईला दम्यासारखा कायमचा श्वासाचा विकार होतो, कारण तीस-चाळीस वर्षे ती लाकडाच्या आणि गोवऱ्यांच्या धुरात बसलेली असते. यावर पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगाचे लक्ष वेधले होते. घरात सिलिंडर आहे पण तो पाहुण्यांच्या चहापुरता, अशी घरे आम्ही पाहतो तेव्हा वाईट वाटते.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, म्हणजे दोष गरिबाच्या आणि निरक्षराच्या सवयींचाच. तसे मुळीच नाही, आणि हे आम्ही जरा ठासून सांगतो. लंडनमधील सरकारी नोकरांची एक पाहणी १९६७ साली सुरू झाली. सुमारे अठरा हजार पुरुष. त्यांत कोणी भुकेकंगाल नाही, सगळ्यांना कायम नोकरी, सगळ्यांना पगार, सगळ्यांना एकच सरकारी दवाखाना. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई वगैरेंच्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा निम्मा भागही उलगडला नाही. ज्याच्या हातात स्वतःच्या कामाचा काही निर्णय नसतो, ज्याला दिवसभर हुकूम ऐकावे लागतात, त्याचे शरीर लवकर झिजते, असा पुढच्या अभ्यासांचा रोख आहे. आमच्या वाचकांत चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि आपल्या देशात श्रेणीच्या खाली जात असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेश, बिहारसह नऊ राज्यांतील २०१०-११ ची माहिती तपासली. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी निघाले. घरच्या आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. दुसरा एक आकडा सभांमधून फार ऐकू येतो. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, ३९.५ विरुद्ध ५४.१. तो संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या एका अहवालात आहे, खोटा नाही. पण तो मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे. ज्या समाजात मुले आणि तरुण जास्त, तिथे ही सरासरी आपोआप खाली येते. आयुर्मान म्हणजे ते नव्हे. वक्त्यांनी तीन वर्षांचा आकडा सांगावा. तो पुरेसा वाईट आहे आणि त्याला कोणी खोडू शकत नाही.

मग शिक्षणाचे काय? २०२४ साली ५९ देशांतील माहिती एकत्र करून एक निष्कर्ष काढला गेला. शाळेतले प्रत्येक वर्ष मृत्यूचा धोका सुमारे १.९ टक्क्यांनी कमी करते. सहा वर्षे शिकलेल्याला १३ टक्के, अठरा वर्षे शिकलेल्याला ३४ टक्के. पुरुषाला आणि स्त्रीला हा फायदा सारखाच. आपल्या समाजाने या बाबतीत मान खाली घालण्यासारखे काही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती आणि बौद्ध स्त्रियांची ७४.०४, जेव्हा देशातील सर्व स्त्रियांची ६४.६ होती. ज्यांनी उपाशी राहून मुलींना शाळेत घातले, त्यांची ही कमाई आहे.

पण नेमकी तीच माणसे, घालणारी माणसे, स्वतः शिकलेली नव्हती. ज्या आईने चार घरची भांडी घासून मुलाला इंजिनियर केले, ती आज साठ-पासष्टची आहे आणि तिच्या वाट्याला निरक्षराचा मृत्युदर आहे. तिला आता शाळेत घालता येत नाही. मग तिने काय करावे?

यावर तैवानमध्ये आणि स्वीडनमध्ये झालेले अभ्यास आम्हाला फार मोलाचे वाटतात. त्यांत असे दिसले की मुले जास्त शिकलेली असतील तर म्हातारे आई-वडील जास्त जगतात, आई-वडिलांचे स्वतःचे शिक्षण कितीही असो. म्हणजे शिक्षण दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते, जर ते घरात वापरले गेले तर. मुलगा शहरात साहेब झाला आणि आईला महिन्याला पैसे पाठवतो, एवढ्याने ते वापरले जात नाही. तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिले आहे हे कोणी वाचायला हवे.

आपल्या मुंबईतच याचा आणखी ठोस पुरावा मिळाला. १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पुढाकाराने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांची एक पाहणी झाली. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे साध्या व्हिनेगरमध्ये असते तेच, लावून पाहायचे. रोगाची सुरुवात असेल तर तो भाग पांढरा पडतो. हे काम डॉक्टरांनी केले नाही. दहावी शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून करवले. त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी पास बाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहे!

उस्मानाबाद जिल्ह्यात, आता ज्याला धाराशिव म्हणतात, १९९९ पासून ५२ गावगटांत अशीच आणखी एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००९ साली आला. ज्या गटात एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच, एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, त्यात ३४ स्त्रिया या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. या दोन्ही चाचण्यांवर पुढे वाद झाला. तपासणी उपयोगी आहे हे माहीत असताना निम्म्या गरीब बायकांना ती न देता नुसते मोजत बसणे योग्य होते काय, असा प्रश्न विचारला गेला, आणि आमच्या मते तो विचारायलाच हवा होता. पण ज्यांनी त्याची किंमत मोजली त्या बहुतेक कष्टकरी बायका होत्या. निदान त्यांच्यामुळे जे कळले ते तरी आपण वाया घालवू नये.

तेव्हा आता घरातल्या शिकलेल्या मुलांना आणि मुलींना उद्देशून थोडे सांगतो. आई, मावशी, सासू, ज्यांचे वय ३० ते ६५ मध्ये आहे, त्यांना तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींच्या तपासणीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. दर पाच वर्षांनी ही तपासणी करावी असे सरकारचेच धोरण आहे. ‘मला काही होत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नये, कारण या रोगाला सुरुवातीला काहीच होत नाही. बाईच डॉक्टर किंवा परिचारिका असेल तो दिवस आधी विचारून घ्यावा, म्हणजे संकोच कमी होतो. घरातल्या ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आहे. तिची चौकशी जवळच्या दवाखान्यात करावी.

तंबाखू खाणाऱ्या वडिलांचे तोंड उजेडात पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांतले काहीही दिसले की थांबू नये. केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यात आरोग्य सेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली तर तंबाखू व दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. बॅटरी आणि आरसा, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

घरात कोणी गेले तर २१ दिवसांत नोंद करावी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कारणाचे प्रमाणपत्र मागावे. २०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दवाखान्याने ते विनाशुल्क द्यायचे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातलगाला द्यायची आहे. त्यावर नुसते ‘हृदय बंद पडले’ असे असेल तर नम्रपणे विचारावे की कशामुळे बंद पडले. हृदय शेवटी सगळ्यांचेच बंद पडते.

आणि एक जाड पुठ्ठ्याची फाईल आणावी. आईच्या नावाची एक, वडिलांची एक. त्यात जुन्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत, पहिल्या पानावर चालू गोळ्यांची नावे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावीत आणि गोळी सकाळची असेल तर शेजारी सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र काढावा, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळते. घरातल्या बायकांचे ब्लडप्रेशर शेवटचे कधी मोजले ते त्यात लिहिताना कोणालाच आठवत नसेल, तर ती जागा रिकामी न ठेवता या आठवड्यात मोजून घ्यावे आणि तारखेसह तिथे लिहावे.